ओव्हनमधला पाला

दोष सरांचा. आधी तेवढं बोलून टाकतो, बाकीचं मग.

मी प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर बोलतोय. जन्म पिंजऱ्यातला. शेपटीवर निळ्या शाईची रेघ, तीच माझी ओळख.

सरांच्या हाताखाली एक मुलगी संशोधन करत होती. सूज उतरवणाऱ्या एका झाडपाल्यावर तिचं काम. पाला सावलीत वाळवायची, मंद आचेवर अर्क काढायची, मग जांभळ्या द्रावणात टाकून बघायची. जांभळं पिवळं झालं की अर्कात दम आहे, आणि स्वारी खूश. मला उचलताना म्हणायची, "चल रे बाबा, थोडं सोस." निदान सांगायची तरी.

तो अर्क संपला. नवा पाला ओलाच होता आणि सरांना परिषदेत मिरवायची घाई. त्यांनी सगळा पाला ओव्हनमध्ये कोंबला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"सर, काळा पडलाय. यात आता काय उरलं असेल?"

"चहाची पावडरही काळीच असते, तिला विचारतेस का? या कामात म्हातारा झालोय मी."

झालात खरे. शहाणे कधी होणार?

वाकड्या सुईने तो करपट अर्क माझ्या घशातून पोटात गेला. मग मागच्या उजव्या पायात सूज आणणारं इंजेक्शन. मग तो पाय नळीतल्या पाण्यात बुडवायचा. जितकं पाणी वर, तितकी सूज. पाणी चढतच राहिलं. अर्कातच जीव नव्हता, सूज उतरणार कशी?

"उंदीरच नाठाळ आहे," सर म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं! "डावा पाय आहे ना अजून? त्यात टोच."

"सर, एक उंदीर एकदाच वापरायचा, असं तुम्हीच शिकवलंत."

"तुला पदवी हवीय की उंदीर?"

तिने सुई भरली. डाव्या पायात टोचलं. तिच्यावर राग धरायचा म्हटलं तरी धरवत नाही. पोरांना कोपऱ्यात गाठून आपलं पाप त्यांच्या हातून करवून घ्यायचं, ही थोरामोठ्यांची जुनीच खोड.

दोन्ही पाय पिकले. मुलगी काम सोडून गेली. जाताना पिंजऱ्यापाशी थांबली.

सर परिषदेत जुन्या अर्काची जपून ठेवलेली पिवळी नळी दाखवून टाळ्या घेऊन आले. मी पोटावर सरपटत पाण्यापर्यंत जातो. कधी पोचतो, कधी नाही.

वडीलधाऱ्यांना घाई सुटली की त्यांना "थांबा" म्हणा. ओरडून म्हणा. इथे कुणी ओरडलं नाही.

माझे मागचे दोन्ही पाय गेले.