तीन तासांचा चढ

"रोज एक तास तू वाटेत बसतेस," टिपणीस कारकून वहीवर बोट ठेवून म्हणाले. "उद्यापासून खडी फोडायला जा."

बुधी ठाकरीण जागची हलली नाही. भिवपुरीच्या डोंगरावर पाणी अडवण्याचं काम चाललं होतं. पायथ्याच्या छावणीतलं टपाल आणि सामान डोक्यावर घेऊन ती वरच्या छावणीत पोचवी, उत्तरं घेऊन परत येई. दोन वर्षांत तिच्या हातून एकही चिठ्ठी भिजली नव्हती.

"मी बसत नाय, रावसाहेब."

"मग हिशोब ऐक. चढाचा पहिला मैल तू तासाभरात जातेस. उताराला तासाला तीन मैल. मी मोजलंय. एक आणि तीन, सरासरी दोन. जाऊनयेऊन सहा मैल, म्हणजे तीन तास. तुला चार का लागतात?"

बुधीला आकड्यांतली चूक सापडेना. पण पाय तिचे होते, त्यांचं तिला ठाऊक होतं.

"उद्या घड्याळ घिऊन माज्यासंगती या. मग कुटं बी धाडा."

सकाळी सातला दोघं निघाली. पहिल्या मैलाला आठ वाजले, दुसऱ्याला नऊ. टिपणीसांनी कोट काढून खांद्यावर टाकला. जरा टेकू या, म्हणाले.

"टेकले तर त्यो बी येळ माज्या नावावर पडंल," बुधी चालता चालता म्हणाली.

वरच्या छावणीत तिनं ओझं उतरवलं. "किती वाजलं?"

"दहा."

"म्हंजी तीन तास झालं. तुमच्या हिशोबानं मी आता खाली पोचले पायजे."

टिपणीसांनी घड्याळ पुन्हा पाहिलं.

"वाट जाताना-येताना सारकीच हाय," बुधी म्हणाली. "येळ सारका नाय. चढ तीन तास खातो, उतार एकच. तुमी दोगांना सारका वाटा दिलात."

टिपणीस मॅट्रिक झालेले. बोटांवर त्यांनी तास पुन्हा मोजले. मग पिशवीतून वही काढून काही लिहिलं.

"काय लिवलंत? वाचा."

"सहा मैल, चार तास. सरासरी दीड."

"आन् वाटेत बसते म्हून लिवलं व्हतं, ते?"

"खोडलं."

"दावा."

त्यांनी दाखवलं. तिला अक्षर येत नव्हतं. त्या जाड रेघेवर तिनं क्षणभर बोट ठेवलं. मग उत्तराची चिठ्ठी कनवटीला खोचली.

"थांब जरा, बरोबरच उतरू."

"तुमी या सावकाश. खाली चिठ्ठीची वाट बगत असतील."

कारवीच्या झुडपांतून तिचं डोकं काही वेळ दिसत राहिलं. ओझं नव्हतं, तरी मान ताठच होती.