हवेत घासलेली कवळी

दातांच्या दवाखान्यातल्या मदतनिसाने, सगळे त्याला बत्तिशीच म्हणत, कवळी बेसिनजवळ नेली, खुर्चीतल्या काकूंकडे पाठ केली आणि घासायचं मशीन नुसतंच हवेत फिरवलं. घर्रर्र. मग जरा नाजूक जागा आल्यासारखं थांबून, हळूच, घर्र. कवळीला मशीनचं टोक लागलंसुद्धा नाही. नळाखाली धुऊन त्याने ती काकूंच्या हातात दिली.

“बघा आता. टोचली तर मिशी काढीन.”

काकूंनी कवळी बसवली, दोनदा चावून बघितलं, डोळे मिटले.

“बरंय. पण उजवीकडे, मागे, अजून जरासं आहे रे.”

“पुढच्या मंगळवारी त्याचा समाचार घेऊ.”

मिशी वाचली. हा अकरावा मंगळवार. निळा कागद दातांखाली धरून चावायला लावलं, की कवळी जिथे जास्त लागते तिथे गडद ठिपका उमटतो. काकूंच्या कवळीवर तिसऱ्या मंगळवारनंतर एकही उमटला नव्हता. हे बत्तिशीला ठाऊक होतं, आणि काकूंनाही असणार. चाळीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिलेली बाई, तिला मशीन हवेत फिरतंय की कवळीवर, हे आवाजावरून कळणार नाही? पण दोघंही मूग गिळून होते. तो थापा मारायचा: सुई बघून फौजदार कसा आडवा झाला, वगैरे. काकू हसायच्या, आणि कोण कुणाला फोन लावून एक शब्द न बोलता ठेवून द्यायचं, ते सांगायच्या. अर्धा तास कसा जायचा कळायचं नाही. दवाखाना मिटला, की बत्तिशीला रिकामं घर. कुलूप काढण्याआधी तो स्वतःच्याच दाराची बेल वाजवायचा. जुनी खोड.

“काका,” त्या संध्याकाळी मॅडम म्हणाल्या. त्या त्याच्या मुलीच्या वयाच्या, पण दवाखाना आता त्यांचा. बत्तिशी त्यांच्या वडिलांच्या वेळचा मदतनीस. “समोरच्यांचे चारशे रिव्ह्यू झाले. आपले एकोणचाळीस. लोक आपल्या दारात उभे राहून मोबाईल बघतात आणि रस्ता ओलांडतात.”

“त्यातले तीस मी आणलेत.”

खरंच आणले होते. भुलीचं इंजेक्शन दिलं की ओठ बधिर व्हायला दहा मिनिटं लागतात. बत्तिशी नेमका तेव्हा मोबाईल पुढे करायचा. बधिर तोंडाने माणसाला नाही म्हणता येत नाही.

“मग काकूंचा का नाही? अकरा वेळा आल्या.”

“काम संपलं की लिहीन म्हणतात.”

“काम कधीच संपलंय. निळा कागद मीही बघते, काका.” त्यांचा आवाज चढला नाही. “मंगळवारी खुर्ची अडते. रिव्ह्यू घ्या आणि फाइल बंद करा.”

पुढच्या मंगळवारी मॅडम दारातच उभ्या राहिल्या. बत्तिशीने मशीन उचललं, परत ठेवलं.

“काकू, कवळी एकदम फर्स्टक्लास बसलीय.”

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. मग दाराकडे.

“हो का? मग झालंच की.”

“एक रिव्ह्यू तेवढा...”

“लिहिते की.” त्यांनी पर्सची चेन लावली. “आम्ही लाइन तोडण्याआधी विचारायचो, बोलणं झालं का म्हणून. तू बरा रे, थेट तोडलीस.”

मॅडमना ती चेष्टा वाटली, त्या हसल्या. बत्तिशीही हसला. त्याला तेवढंच येत होतं.

रिव्ह्यू रात्रीच आला. मॅडमनी सकाळी मोठ्याने वाचला. ‘डॉक्टरांचा हात हलका. मदतनीस थापा मारतो, त्या ऐकायला तरी जा. मंगळवारी जावे, गर्दी नसते.’ पाच तारे.

त्यानंतरच्या मंगळवारी चार नवीन पेशंट आले. चौघांनी तो वाचला होता, चौघांना मंगळवारच हवा होता. बत्तिशीने फौजदार सांगितला. पहिला पेशंट तोंड उघडं टाकून छताकडे बघत राहिला. दुसऱ्याने मध्येच विचारलं, अजून किती वेळ लागेल? दुपारी त्याने काकूंची फाइल काढून नंबर लावला आणि रिंग जायच्या आत तोडला. काय सांगणार होता? फाइल तर त्यानेच बंद केली होती.

“काका, त्या रिव्ह्यूखाली दवाखान्यातर्फे उत्तर टाका,” मॅडम हातमोजे चढवता चढवता म्हणाल्या. “धन्यवाद वगैरे. समोरचे प्रत्येकाला टाकतात.”

बत्तिशी मोबाईल घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. ‘धन्यवाद’ लिहिलं. पुसलं. ‘जेवण नीट जातं का’ लिहिलं, तेही पुसलं. मिशीवरून बोट फिरवलं. मग एका दमात टाइप केलं: ‘नवीन कवळी वर्षभर दर मंगळवारी दाखवून न्यावी लागते, हा दवाखान्याचा नियम आहे. मागच्या वेळी सांगायचे राहिले, चूक आमची. खुर्ची रिकामी मिळेलच असे नाही. स्टूल आहे.’

आणि बटण दाबून टाकलं.

“काय लिहिलंत एवढं?” मॅडमनी विचारलं.

“नियम,” बत्तिशी म्हणाला, आणि पुढच्या पेशंटच्या गळ्यात नॅपकिन बांधायला उठला.