त्याला न विचारता

घरात एक माणूस आजारी पडलं की दुसरं एक माणूस आपोआप पहारेकरी होऊन बसतं. त्याला कोणी नेमलेलं नसतं, त्याला सुट्टी नसते, आणि खरं सांगायचं तर त्याला ती नकोच असते. ताईचं तसंच झालं होतं. कपड्यांच्या कारखान्यात ती शेवटच्या टेबलावर तपासणीला. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवणी चाचपायच्या, सुटे धागे कापायचे, खोट दिसली की बाजूला टाकायचा. घरी आली की तीच नजर धाकट्या भावावर. गोळी घेतली का, नीट जेवला का, आज गप्प आहे तर का गप्प आहे, आणि बोलतोय तर एवढा का बोलतोय. गप्प बसलं तरी पंचाईत, बोललं तरी पंचाईत!

धाकटा म्हणजे काही लहान नव्हे, चाळिशीला टेकलेला गडी. कॉलेजात असतानाच त्याच्या कानात आवाज यायला लागले. पुढे त्याला वाटू लागलं, की बसमधले लोक, शेजारी, दुकानदार असे सगळे आपल्याबद्दल कुजबुजतात आणि आपल्या पाठीमागे काहीतरी ठरवतात. इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या. औषधांनी आवाज मंदावले, पण माणूस घराबाहेर पडेना. आई-वडील गेल्यावर ताईने स्वतःच्या लग्नाचा विषय मिटवून टाकला आणि भावाला सांभाळायला घेतलं. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी. ते ऐकून तिला बरं वाटायचं. कोणाला वाटणार नाही?

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याला एका गटात पाठवलं. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत एक खोली, गोलात मांडलेल्या खुर्च्या आणि त्यांवर अशाच आजारातून गेलेली माणसं. गट चालवणाऱ्या बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. ऐन उमेदीत आपल्यालाही हाच आजार झाला आणि आपण अजून रोज गोळ्या घेतो, हे बाई प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकत. गटाची रीत साधी होती. प्रत्येकाने आपल्याला झेपेल असं एक काम स्वतः निवडायचं, आठवडाभरात करून बघायचं आणि कसं झालं ते येऊन सांगायचं. आणखी एक गोष्ट तिथे पक्की करून घेत. लोक आपल्याविरुद्ध काही ठरवतायत असं वाटलं, तर मनात कुढायचं नाही, समोरच्याला सरळ विचारायचं.

अशाच एका संध्याकाळी गट सुटल्यावर ताईबरोबर घरी परतताना धाकटा म्हणाला, "या आठवड्यात मी सलूनमध्ये जाणार. एकटा."

ताई रस्त्यातच थांबली. इतकी वर्षं त्याचे केस तीच घरी कापत आली होती. पाठीमागे उभा राहिलेला अनोळखी माणूस, कानाशी कात्री, समोर आरसा, हे त्याला सोसायचंच नाही.

"मी बाहेर थांबू?"

"नको, ताई." हळूच म्हणाला, पण म्हणाला.

आता खरं तर इथे विषय संपायला हवा होता. पण ताईच्या जिवाला चैन पडेल तर ना! मध्येच उठून पळाला तर? कोणी हसलं तर? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती सलूनमध्ये पोचली. म्हणाली, "माझा भाऊ येईल. डोक्याने जरा तसा आहे. गर्दी नको, रेडिओ नको, वस्तरे समोर ठेवू नका. आणि मी आले होते हे त्याला कळू देऊ नका." सलूनवाला भला माणूस. त्याने मान डोलावली आणि ताई हलक्या मनाने कामावर परतली.

धाकटा गेला त्या दिवशी अर्धी रजा टाकून ती समोरच्या दुकानाच्या आडोशाला उभी होती. तो आत गेला. थोड्याच वेळात तसाच बाहेर आला, गळ्याभोवती टॉवेल, अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच. टॉवेल पायरीवर टाकून तो तरातरा घराकडे निघाला. ताई मागच्या गल्लीतून धापा टाकत घरी पोचली.

"काय रे, काय झालं?"

"मी गेलो तर त्याने बाकीच्यांना उठवून बाहेर काढलं. रेडिओ बंद केला. वस्तरे कपाटात टाकले. ते बाहेरचे काचेतून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, कुढायचं नाही, विचारायचं. विचारलं त्याला, माझ्याबद्दल तुम्हाला कोणी काही सांगितलंय का? तो म्हणाला, छे, कोण सांगणार." धाकटा तिच्याकडे वळला. "ताई, तू काही बोलली होतीस त्याच्याशी?"

"मी? मी कशाला बोलू?"

शब्द निघून गेले. धाकट्याने मान डोलावली. त्याचा तिच्यावर पुरता विश्वास होता, तेच तर वाईट.

"म्हणजे पुन्हा सुरू झालं," तो म्हणाला आणि खोलीत गेला.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. धाकट्याने पडदे ओढून घेतले. बोलायचा ते एवढंच, "डॉक्टरांना सांग, गोळी वाढवा." गटाचं नाव काढलं तर म्हणे, "तिथे जाऊन काय सांगू? विचारून उत्तर मिळालं तरी पटत नाही, म्हणजे माझं डोकंच कामातून गेलं." वर्षभरात जेवढं कमावलं त्यावर पाणी फिरत होतं. ताईचा कारखान्यात हात चालेना, कॉलर उलटी बसलेला शर्ट तिने डोळ्यांदेखत पुढे जाऊ दिला. घरी भात करपवला. त्याच्या दाराशी जायची, हात उचलायची आणि परत फिरायची.

गटाचा दिवस आला. धाकटा उठला नाही. ताई एकटीच गेली आणि गट सुरू व्हायच्या आधी मास्तरीणबाईंना गाठून तिने सगळं ओकून टाकलं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझी आई माझ्या चहात गोळी कुटून घालायची. मी गोळ्या घ्यायला नाही म्हणायचे, म्हणून. मी म्हणायचे, मला कोणीतरी विष घालतंय. घरचे म्हणायचे, बघा, भ्रम. पण ताई, चहा खरंच कडू लागायचा हो."

ताई जवळच्या खुर्चीवर टेकली.

"आईचं माझ्यावर प्रेम नव्हतं का? होतंच. तुमचंही आहे. पण त्याचा आजार त्याला काय सांगतो? लोक तुझ्या पाठीमागे ठरवतात. तुम्ही नेमकं तेच केलंत. आम्ही त्याला सांगितलं, शंका आली तर विचार. त्याने दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा त्याला खोटं उत्तर मिळालं. सांगा, त्याने आता काय करावं?"

"खरं सांगितलं तर तो माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही, बाई."

"आणि नाही सांगितलं तर स्वतःवर ठेवणार नाही. तुम्हाला त्यातलं कोणतं चालेल?"

ताई उठली. वाटेत बस दिसली तरी थांबली नाही, अर्धी धावत, अर्धी चालत घरी आली. दार ढकललं. धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"मी सांगितलं होतं सलूनवाल्याला," ती म्हणाली. "तू जायच्या आधी. आणि तुला सांगू नका असंही मीच म्हणाले."

तो उठून बसला. "रेडिओ?"

"हो."

"वस्तरे?"

"तेही मीच. आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले."

त्याने आपल्या अर्धवट कापलेल्या केसांवरून हात फिरवला. मग स्वतःशीच म्हणाला, "म्हणजे मला बरोबर कळलं होतं." आणि एकदम त्याचा आवाज चढला. इतक्या वर्षांत कधी चढला नव्हता. "इतके दिवस मी स्वतःला वेडा समजून इथे पडलोय, ताई! तू बाहेर भात वाढत होतीस आणि तुला माहीत होतं!"

तुझ्यासाठीच केलं रे, हे वाक्य ताईच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं. म्हणाली, "चुकले मी."

त्याने शर्ट बदलला, चपला घातल्या. "गट अजून सुटला नसेल. मी जातो."

डोकं तसंच होतं, अर्धं कापलेलं. रस्त्यात लोक बघणार, हसणार. टोपी दे त्याला, निदान टोपी तरी! ताईने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि गप्प राहिली. तो गेला.

मंडळी, आजाऱ्याची काळजी घेणं हे पुण्याचंच काम आहे, पण काळजी म्हणजे ताबा नव्हे. मनाच्या आजारातून उठणाऱ्या माणसाला गोळी लागते, डॉक्टर लागतो, त्याच्यासारखंच सोसलेल्या चार जणांची सोबत लागते. आणि घरच्यांकडून त्याला एक गोष्ट फार हवी असते. त्याच्याबद्दल जे काही करायचं ते त्याला विचारून करा. तो चुकेल, पडेल, अर्धवट केस घेऊन घरी येईल. येऊ दे. आपण पाठीमागून रचलेल्या यशापेक्षा त्याचं स्वतःचं फसलेलं काम त्याला जास्त उभं करतं.

ताईला हे तेव्हाच सगळं उमगलं असं नाही. ती तासभर येरझाऱ्याच घालत होती. धाकटा परतला तेव्हा त्याचा राग गेलेला नव्हता, चेहऱ्यावर दिसत होता. पाणी प्यायला, ग्लास विसळून ठेवला आणि दारात उभा राहून म्हणाला, "घरच्या माणसांसाठी पण एक गट सुरू होतोय. बाई तुझं नाव लिहून घेत होत्या. मी म्हटलं थांबा, तिला विचारतो आधी. जाशील का?"

आपल्याला कोणी असं काही विचारून किती काळ लोटला, ते ताईला आठवेना. तिला रडू आलं. मग डोळे पुसत ती म्हणाली, "जाईन."