अंजनाबाईच्या वाट्याचा समुद्र

मी एक जुनी छागल आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. आधीच सांगून ठेवते. गोड गोष्ट ऐकायची असेल तर माठाकडे जा. माझ्या पोटात मीठ आहे.

छागल म्हणजे काय, हे तुमच्यातल्या काहींना माहीत नसेल. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. वर आखूड तोंड, त्याला बूच, टांगायला दोरी. मी आतून झिरपते, बाहेरून ओली राहते, वारा लागला की पोटातलं पाणी गार होतं. एवढंच माझं काम. वीज नको, बर्फ नको. गोडं पाणी आणि एक खिळा, बस.

नागपूरच्या सदर भागात तंबू अन् ताडपत्र्या शिवायचं एक दुकान होतं. तिथे माझा जन्म झाला. तंबूतून उरलेल्या कापडाची मी. पासष्ट सालच्या उन्हाळ्यात देवराव नावाच्या माणसानं मला घेतलं. देवराव रस्त्याच्या कामावर होते, उकळतं डांबर ओतायचे. मे महिन्यात, नागपुरात. कामावर पाण्याचा माठ असायचा, पण तो कोणाचा तरी असायचा, आणि त्यातलं पाणी कोणीतरी वरून ओतायचं, खाली ओंजळ धरावी लागायची. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून देवरावांनी ओंजळ धरणं सोडलं होतं. म्हणून मी. मी त्यांचं स्वतःचं पाणी होते. मला त्याचा फार गर्व होता, अजून आहे.

देवराव लवकर गेले. मग त्याच रस्त्यावर त्यांची बायको अंजनाबाई जायला लागली, डोक्यावर खडी-गिट्टीचं टोपलं आणि खांद्यावर मी. तिनं मला कधी कोरडं पडू दिलं नाही. कोरडी पडलेली छागल तडकते, हे तिला माहीत होतं. घरी पाणी कमी असलं तर ती स्वतः अर्धा गिलास प्यायची, पण मला भरायची. तिचा मुलगा गिरिधर शाळेत जायचा तेव्हा तो माझंच पाणी पिऊन जायचा. त्याला पुढे रामदासपेठेतल्या एका ऑफिसात नोकरी लागली, लग्न झालं, नंदनवन वस्तीत घर झालं. घराच्या ओट्यावर अंजनाबाईनं माझ्यासाठी खिळा ठोकून घेतला. माझ्याखाली एक कुंडी ठेवली. मी टपटप गळायची, ते पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंडीत पुदिना. आमच्या पुदिन्याची चटणी शेजारची तुळसाबाई मागून न्यायची. वर म्हणायची, "अंजना, तुया घरचं तं गळणं बी कामी येते वं."

हे माझे चांगले दिवस. लवकर सांगून टाकले, कारण मला पुढचं सांगायचं आहे.

अंजनाबाईची एकच इच्छा होती. तिला समुद्र पाहायचा होता. लोकांना काशी पाहायची असते, मुंबई पाहायची असते. तिला तसं काही नव्हतं. ती म्हणायची, "जलमभर पानी मोजून मोजून वापरलं. एकदा न संपणारं पानी पाहाचं आहे, बस." नळावर रांगेत उभी राहून म्हणायची. लोक हसायचे. मी हसायची नाही. पाणी संपणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

मग एकोणऐंशीच्या मे महिन्यात गिरिधरच्या ऑफिसातल्या लोकांनी सहल काढली. भाड्याची बस, कोकणात, एका आडबाजूच्या खाडीवजा समुद्रकिनाऱ्यावर. तिथे कोणी जात नाही, म्हणून तिथेच जायचं, असं ठरलं. ठरवणारे गोपाळराव, ऑफिसातले सगळ्यात जुने. गिरिधरनं तीन जागा घेतल्या. स्वतःची, बायको शामलाची आणि आईची.

अंजनाबाईनं काय तयारी केली म्हणता. नवं लुगडं धुऊन मऊ केलं. मला आदल्या दिवशी भिजवलं, सकाळी गळ्यापर्यंत भरलं. बसमध्ये चढली, खिडकीजवळ बसली आणि मला खिडकीबाहेर बांधलं. बसला वारा लागेल तसं पाणी गार होणार. ती लहान पोरीसारखी दोरीला हात लावून बसली होती.

तेवढ्यात पोतं आलं.

हे पोतं नीट लक्षात ठेवा. त्यात ज्वारीचं पीठ होतं, तिखट होतं, काळा मसाला होता, तुरीची डाळ होती. आमच्या नागपूरच्या लोकांना एक भीती असते. बाहेरगावी गेलं की आपल्याला खायला काही मिळणार नाही, तिकडचे लोक नुसता भात खातात, आणि भातानं आपण मरू. म्हणून स्वयंपाकघर बरोबर न्यायचं.

"हे पोतं कुठी ठेवाचं?" गोपाळराव दारात उभे राहून म्हणाले.

"टपावर टाका नं," ड्रायव्हर म्हणाला.

"टपावर पिठात माती जाईन गा. मंग खातीन काय लोकं? माती?"

सगळ्या जागा भरलेल्या. गोपाळरावांनी बसभर नजर फिरवली आणि ती अंजनाबाईवर येऊन थांबली.

"गिरिधर, इकडे ये जरा. तुया आईले झेपन का हे? मी ऐकलं का तिथी बस खालपर्यंत जात नाही. डोंगर उतरा लागते. अर्ध्यात बसून गेली तं उचलन कोण?"

शामला बोलली. ती तेव्हा नवी सून होती, तरी बोलली. "पोतं माह्या मांडीवर ठेवा."

"वैनी, कोकणापर्यंत मांडीवर पोतं घेऊन बसान का?" गोपाळराव हसले, मग सगळी बस हसली.

आता इथे गिरिधरनं एक वाक्य बोलायचं होतं. फक्त 'माही आई येणार आहे' एवढं. मी बाहेर लटकून वाट पाहत होते. तो आईजवळ गेला, वाकला आणि म्हणाला, "आई, पुढच्या साली आपण आपलेच जाऊ. निवांत. सध्या तुले त्रास होईन."

"बरं," अंजनाबाई म्हणाली.

ती उतरली. कोणी तिचा हात धरला नाही. उतरल्यावर खिडकीखाली आली, मला सोडवून घ्यायला, असं मला वाटलं. पण तिनं गाठ आणखी घट्ट केली. "छागल राहू दे," ती म्हणाली. "पोराले तहान लागन."

"तुयासाठी समुद्र घेऊन येतो," गिरिधर आतून म्हणाला.

बस सुटली. तिच्या जागेवर पोतं बसलं. खिडकीजवळ. वारा खात.

मित्रांनो, वाटेतल्या दोन दिवसांत सगळी बस माझं पाणी प्यायली. "काय थंडगार आहे बाप्पा," म्हणायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, बूच उडवून सगळ्यांच्या तोंडावर सांडावं. पण छागलीला राग आला तरी तिचं पाणी गारच राहतं. हा आमच्या जातीचा दोष आहे.

तो किनारा पाहिला आणि मला आणखी राग आला. सुंदर होता म्हणून. वाईट असता तर म्हटलं असतं, जाऊ दे, अंजनाबाईचं काही गेलं नाही. पण तसं नव्हतं. दोन बाजूंनी दोन डोंगर पाण्यात उतरलेले, मध्ये अर्ध्या भाकरीसारखी वाळू, मागे माडांची रांग आणि काजूची झाडं. एक दुकान नाही. तीन-चार होड्या उलट्या घातलेल्या. आणि पाणी. ते येतच होतं. गेलं की परत येत होतं. कोणी मोजत नव्हतं, कोणी रांगेत नव्हतं.

डोंगर उतरावा लागतो हे खरं. पायवाट होती, जांभ्या दगडाच्या पायऱ्या होत्या. आम्ही उतरत असताना खालून एक म्हातारी डोक्यावर माशांची पाटी घेऊन वर येत होती. अंजनाबाईपेक्षा मोठीच असेल. ती गोपाळरावांना वळसा घालून गेली, कारण गोपाळराव दम लागून मध्येच बसले होते.

आणि त्या पोत्याचं काय झालं, ऐका. गावातल्या घरी तांदळाची गरम भाकरी आणि कालवण मिळालं, तर सगळे त्याच्यावर तुटून पडले. गोपाळरावांनी तर रस्सा वाटीनं प्यायला. समुद्राच्या दमट हवेनं पिठाचे गोळे झाले. पोतं जसं आलं तसंच परत गेलं. तिच्याच जागेवर बसून.

निघायच्या दिवशी गिरिधर मला घेऊन पाण्यात गेला. त्याला आईला दिलेला शब्द आठवला होता. माझं बूच काढलं आणि माझ्या पोटातलं गोडं पाणी त्यानं वाळूवर ओतलं.

"अहो, त्यात नका भरू," शामला म्हणाली. "बाटलीत भरा."

"बाटलीत काय समुद्र दिसते का? आईची छागल आहे, तिले बरं वाटन."

मला त्यानं लाटेत दाबलं. मित्रांनो, तुम्ही कधी जखमेवर मीठ लावून घेतलंय? माझं सगळं अंगच छिद्रांचं. ज्या छिद्रांतून मी श्वास घेते, त्या प्रत्येकात मीठ शिरलं. समुद्राचा काही दोष नाही. तो तिथे बरा होता. मी तिथे बरी नव्हते.

परतीच्या वाटेवर गोपाळरावांना तहान लागली. त्यांनी मला सवयीनं तोंडाला लावलं, मोठा घोट घेतला आणि सगळा फुर्रकन थुंकला. पोत्यावर. त्या सहलीतला तेवढा एक सुखाचा क्षण मी तुमच्यापासून लपवणार नाही.

घरी आल्यावर गिरिधरनं मला जुन्याच खिळ्यावर टांगलं. गल्ली जमली. "आईसाठी समुद्र आणला," तो म्हणाला. लोकांनी वा वा केली. तुळसाबाई म्हणाली, "पोरगा असावा तं असा वं."

अंजनाबाईनं पदराला हात पुसले. माझ्या पोटावर तळवा ठेवला, जसं तापलेल्या लेकराच्या ठेवतात. मग बूच काढून तळहातावर थोडं पाणी घेतलं, जिभेला लावलं.

"घामावानी लागते," ती म्हणाली. मग गिरिधरकडे पाहून म्हणाली, "एवढासाच आहे का गा?"

"आई, हा नमुना आहे," गिरिधर हसत म्हणाला. "खरा लई मोठा आहे."

"बरं."

ते पाणी तिनं ओतून दिलं नाही. रोज दुपारी माझ्यासमोर बसायची. मी गळत होते, माझ्या हातात काय आहे? टप, टप. पुदिन्याची पानं आधी पिवळी झाली, मग काळी पडली, मग देठं उरली. ती पाहत होती. कुंडी सरकवली नाही तिनं. का नाही सरकवली, ते तिलाच माहीत. एक दिवस तिनं मला दाबून पाहिलं. मी पोट पाठीला लागल्यासारखी रिकामी होते.

"हा बी संपला," अंजनाबाई म्हणाली आणि उठून आत गेली.

त्यानंतर तिनं मला कितीदा धुतलं, भिजवलं, उन्हात घातलं. मीठ गेलं नाही. माझं कापड फळीसारखं झालं. माझं पाणी कोणी पीत नाही. माझ्या पोटावर एक पांढरी रेघ आहे, समुद्र जिथपर्यंत भरला होता तिथपर्यंत. पाहुणे आले की गिरिधर ती रेघ दाखवतो आणि आईसाठी समुद्र कसा आणला ते सांगतो. पाच वर्षं झाली, अजून सांगतो. पोत्याचं सांगत नाही. आणि ते पुढचं साल? एका साली लग्नकार्य निघालं, एका साली घराचं छत, एका साली उन्हाळाच फार होता.

मी हे सगळं आज काहून सांगते आहे? कारण अंजनाबाई अजून आहे. माणूस गेल्यावर बोलणारे पुष्कळ असतात. मला ती असताना बोलायचं आहे.

आणि दुसरं कारण. परवा शामला सदरला गेली आणि नवी छागल घेऊन आली. बादलीत भिजत घातली. अंजनाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"आई, सोमवारी निघू," शामला म्हणाली. "तुमी अन् मी. कोल्हापूरपर्यंत रेल्वेनं, तिथून एस.टी.नं. मले वाट माहीत आहे."

गिरिधर पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली केला. "अन् मी?"

"तुमी पोतं सांभाळा," शामला म्हणाली.

त्यानं पेपर पुन्हा वर केला, पण तो बराच वेळ एकाच पानावर राहिला.

अंजनाबाईनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता 'बरं' म्हणेल. ती म्हणाली, "खिडकीजवळची जागा भेटन का वं?"

आज रविवार आहे. तिची पिशवी दारात भरून ठेवली आहे. नवी छागल माझ्या शेजारच्या खिळ्यावर गळते आहे, खाली रिकामी कुंडी आहे. तरी गाडी हलेपर्यंत माझा विश्वास नाही. मी एकदा गाठ घट्ट झालेली पाहिली आहे आणि बाई खाली राहिलेली पाहिली आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. जुन्या वस्तू जपा वगैरे मी म्हणणार नाही. मला जपून आता काही होत नाही. पण तुमच्या घरात कोणी 'मलाही न्या' म्हणालं, तर त्यांच्यासाठी तिथलं काही भरून आणू नका. त्यांना न्या. गाडीत जागा नसेल तर पोतं टपावर टाका. पिठात माती गेली तर जाऊ द्या.

पोतं टपावर टाका.