तीन रंगांची एकच गोळी

आनंदाबाईंच्या लांब पोळ्यांचं नाव रोहण्यातच काय, पार अल्लीपुरापर्यंत होतं. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायची. रविवारी लेकीच्या, छायाच्या, सासरची पंधरा माणसं याच पोळ्या खायला येणार होती. आणि नेमका उजवा खांदा धरला.

खांदा दुखतो हे गावात एकीला सांगितलं की औषध घरपोच येतं. शेजारणीने लाल गोळी दिली, जावेने पांढरी, नणंदेने गुलाबी. "मले लागू पडली, तुलेई पडन." आनंदाबाईंनी कोणाचंच मन मोडलं नाही. सकाळी लाल, दुपारी पांढरी, चार वाजता गुलाबी. त्यात गुरुवारचा उपवास, पोटात नुसता चहा. संध्याकाळी पोटात अशी आग पेटली की बाई भिंतीला टेकल्या.

सून अंकिता शाळेत विज्ञान शिकवते. तिने तिन्ही पाकिटं वाचली आणि कपाळाला हात लावला.

"आई, रंग तीन हायेत, दवा एकच. आयबुप्रोफेन. तुमी एका दिवसात तिप्पट घेतली, तेबी उपाशापोटी."

तिने आणि सासरे रूपरावांनी त्यांना लगेच आर्वीला दवाखान्यात नेलं. रक्ताची उलटी नाही, शौचाला काळं नाही, हे डॉक्टरांनी नीट विचारून घेतलं. तुमची बीपीची गोळी चालू असताना ही गोळी मनाने घ्यायचीच नाही, म्हणाले. ज्याला लिहून दिली त्यानेही जेवणावर, सांगितली तेवढीच आणि थोडेच दिवस घ्यायची. पोटाचं औषध दिलं, दुखलंच तर मोजून पॅरासिटामॉल, आणि पंधरा दिवस खांद्याला आराम.

"आन रविवारी पोया?"

"रविवारी भात खा, मावशी."

परतताना आनंदाबाई रडल्याच. चाळीस वर्षांचं नाव, आणि विहिणीपुढे भात!

"रडतं काऊन वं, छायाची माय?" रूपराव म्हणाले. "तू सांगजो, मी करतो."

या गृहस्थाने जन्मात चहासुद्धा केला नव्हता. दोन दिवस अंगणात कणकेची नासाडी चालली. पहिली पोळी विस्तवात पडली, दुसरी त्यांच्याच खांद्यावर लोंबली. अंकिता हसून हसून खाली बसली. आनंदाबाई मात्र खुर्चीवरून करड्या मास्तरासारख्या ओरडत होत्या, "मनगट ढिलं सोडा." शनिवारी संध्याकाळी एक पोळी अखंड उतरली.

रविवारी पंगत बसली. विहीणबाईंनी तिसरी पोळी मोडली, चुलीपुढे घामाघूम झालेल्या व्याह्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चव तर तुमचीच हाय, आनंदाबाई."

"चव माझीच हाय. हात तेवढे नवे आनले."

सगळे हसले. मग छायाने आईचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं. रूपरावांनी मडक्यावरून पोळी उतरवली आणि थेट बायकोच्या ताटात वाढली. चाळीस वर्षं आनंदाबाईंनी सगळ्यांना गरम वाढलं आणि मागाहून गार खाल्लं होतं. त्यांनी वाफेची पोळी मोडली, आमरसात बुडवली आणि मान खाली घालून म्हणाल्या, "दुसरी टाका जी."