संडासच्या पाइपातलं विमान

आमच्या गावात पाऊस कोण पळवतो, असं कोणालाही विचारा, बाबांचं नाव निघेल. कारण सोपं आहे. बाबांची वीटभट्टी आहे आणि भट्टीवाल्याला पाऊस नको असतो. यंदा पेरण्या होऊन अठरा दिवस झाले होते. आभाळ रोज भरून यायचं आणि रोज रिकामं व्हायचं. त्यात दुपारी चारच्या सुमारास एक बारकं पांढरं विमान गावावर चकरा मारायचं. झालं! खुशालरावनं, म्हणजे बाबांनी, इमान लावलं, ते ढगांवर पावडर फवारून राहिलं, असं बसस्टॉपपासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं.

सगळ्यात पुढे शेजारचे नत्थुजी काकाजी. त्यांचं वावर आमच्या भट्टीला लागून. एका संध्याकाळी आमच्या फाटकात उभे राहून म्हणाले, "खुशालराव, सोमवारी ग्रामसभेत ठराव घेतो. भट्टी बंद! माही कापसाची पऱ्हाटी वाळून राहिली अन् तुमी वरतून इमान फिरवता?"

बाबा मान खाली घालून आत निघून गेले. हेच मला खटकलं.

खरं सांगते, माझाही बाबांवर पूर्ण भरोसा नव्हता. चारला आभाळ भरून आलं, विमानाचा आवाज आला, की ते मोबाइल घेऊन विटांच्या थप्पीमागे जायचे. मी विचारलं, "कोणाले फोन करता बाबा?" तर म्हणाले, "तुले काय कराचं? अभ्यास कर." दहावीतल्या पोरीला असं उत्तर दिलं तर ती काय करेल? तपास करेल.

माझी मामेबहीण प्राजक्ता ताई अकोल्यात इंजिनिअरिंग करते. तिनं सांगितलं, "आचल, विमान स्वतःच ओरडत असतं, मी कोण, कुठं आहे, किती उंच आहे. आपण फक्त ऐकायचं." पेनड्राइव्हएवढा एक रिसीव्हर तिनं एसटीच्या पार्सलनं बडनेऱ्याला पाठवला. अँटेना मात्र मलाच करायची होती. तांब्याच्या तारेचे पाच तुकडे, बरोब्बर सहा पूर्णांक नऊ सेंटिमीटरचे. एक उभा, चार खाली झुकलेले. कंपासपेटीतल्या पट्टीनं तीन तीनदा मोजले. शाळा सुटल्यावर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून सोल्डरिंगचा डाग मारून घेतला.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"सायन्स प्रोजेक्ट."

हे दोन शब्द फार कामाचे आहेत. पुढे कोणीच काही विचारत नाही.

प्रश्न अँटेना लावायची कुठं हा होता. आमचं छत नत्थुजी काकाजींच्या छतावरून ताटासारखं दिसतं. तिथं एक नवी काडी दिसली असती तरी सोमवारच्या ठरावात तिचं नाव आलं असतं. मग मला सुचलं, आणि सुचल्यावर मी एकटीच हसले. अख्ख्या गावात संडासच्या गॅसच्या पाइपाकडे कोणी बघत नाही! पांढऱ्या पाइपाच्या तुकड्यात अँटेना घातली, वर टोपण लावलं आणि तो तुकडा जुन्या पाइपाशेजारी तारेनं बांधला. वायर खिडकीतून आत घेऊन रिसीव्हरला आणि रिसीव्हर आईच्या जुन्या मोबाइलला जोडला.

आईनं मात्र बघितलं. "दोन पाइप कावून?"

"एक खराब झाला तर!"

आईनं वायर पडद्याआड सरकवली. बाबांच्या फोनाचं कोडं तिलाही पडलंच असणार.

रविवारी चार वाजता मोबाइलच्या नकाशावर एक इवलंसं विमान उगवलं. बेलोऱ्याच्या विमानतळावरून निघालं, आमच्या गावावर वळलं, परत बेलोरा. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मला एकदम ओळखीचं वाटलं. मी स्कूटी शिकत होते तेव्हा बाबा मला मैदानावर अशाच चकरा मारायला लावायचे. हे शिकाऊ विमान होतं!

पण मग बाबांचा फोन? मी अनवाणी थप्पीमागे गेले.

"भाऊ, अकोल्याले पाऊस चालू झाला काय?" बाबा मामाला विचारत होते. "झाला तं लगेच सांगजा, मले कच्च्या विटांवर ताडपत्री ओढा लागते." मला पाहून दचकले. "कोणाले सांगू नको. मी पावसाची चौकशी करतो हे गावाले समजलं, तं आनखी बोलतीन."

मला हसूही आलं आणि स्वतःची लाजही वाटली.

सोमवारी चार वाजता ग्रामसभेत मी पाइपासकट पोचले. लोक आधी हसले. "अबे, हा तं संडासचा पाइप हाये!" मी सरपंच जयवंताबाईंच्या टेबलावर मोबाइल ठेवला. म्हटलं, "हे शिकाऊ विमान आहे. बाबांचा काही संबंध नाही. बघा, आत्ता बेलोऱ्याहून निघालं. दोन मिनिटांत समोरच्या पाण्याच्या टाकीवर दिसेल."

दोन मिनिटांत ते टाकीवर दिसलं.

मला वाटलं, आता टाळ्या पडतील. पण लोक टेबलापासून दोन पावलं मागे सरकले. नत्थुजी काकाजी हळूच म्हणाले, "पाहा. पोट्टी म्हणते अन् थे येते. मी काय सांगत होतो?"

सगळ्या माना माझ्याकडून बाबांकडे वळल्या. बाबांनी डोळे मिटून घेतले. मीच पुरावा आणला होता आणि तोच आता भट्टी बुडवणार होता. पण बोलायचं नाही तर आलेच कशाला? मी मोबाइल उचलून काकाजींच्या हातात कोंबला.

"आता तुम्ही सांगा काकाजी, ते कुठं जाते."

ते डोळे बारीक करून बघत राहिले. "आता... आता उजवीकडं वळून राहिलं वाटते."

वर विमान उजवीकडे वळलं.

चक्कीवाल्या शहाजादी चाची मागून म्हणाल्या, "नत्थुभाऊ, तुमीच वळवलं काय जी?"

असा हशा झाला म्हणून सांगू! काकाजींनी हात भाजल्यासारखा मोबाइल टेबलावर टाकला. "मी कायले वळवतो? म्या फक्त पाह्यलं!"

"थेच तं पोरगी म्हणते," जयवंताबाईंनी पेन खाली ठेवलं. "आता ठरावात नाव कोणाचं लिहू? खुशालरावचं, पोरीचं, का तुमचं?"

ठराव बारगळला आणि सभा नळाच्या विषयाकडे वळली. घरी जाताना बाबांनी पाइप माझ्या हातून घेऊन स्वतःच्या खांद्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी शाळेत निघाले तर नत्थुजी काकाजी फाटकात उभे. आधी इकडे पाहिलं, मग तिकडे.

"आचल बेटा, थ्या इमानाले म्हण, आमच्या वावरावरून नको. जरा बाजूनं."

"मी फक्त ऐकते, काकाजी. त्याले काही सांगता येत नाही."

"हो, हो," त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि आवाज आणखी खाली आणला. "बराबर हाये. सगळ्यायले असंच सांगजो."