सात दिवस कैद

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या पोटावर उलट्या अक्षरांत तीनच शब्द कोरले आहेत : सात दिवस कैद. जन्मभर याखेरीज दुसरं काही मी बोललो नाही, आणि आज त्याचाच मला पस्तावा होतो आहे.

कोर्टातल्या एका कारकुनाने मला बनवून घेतलं. त्यांना सगळे झटपटकाका म्हणत. किरकोळ गुन्ह्यांचे कागद रोज ढिगाने येत आणि तेच तेच लिहून काकांची बोटं दुखत. माझ्यासोबत माझा धाकटा भाऊही आला. त्याच्या पोटावर होतं : ताकीद देऊन सोडले. मला शाईच्या पॅडशेजारी जागा मिळाली. तो गेला खालच्या खणात.

पुढे काकांनी एक युक्ती काढली. न्यायाधीश साहेब किरकोळ चोरीला बहुधा सातच दिवस देत, म्हणून काका सुनावणीआधीच सगळ्या कागदांवर मला उमटवून ठेवू लागले. जेवणाच्या सुट्टीआधी ढीग संपे. वरिष्ठांनी काकांची पाठ थोपटली आणि मीही फुशारून गेलो.

एके दिवशी एक शिवणकाम करणारी बाई उभी राहिली. वडिलांना चालवत नव्हतं, म्हणून तिने दवाखान्याची चाकांची खुर्ची न विचारता घरी नेली होती. परत आणून देणारच होते, म्हणाली. घरी वडिलांजवळ कोण आहे, असं साहेबांनी विचारलं.

“कोणी नाही, साहेब. तासाभरात येते म्हणून सांगून आलेय. पाण्याचा तांब्या उशाशी ठेवलाय.”

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आज भावाला खणातून बाहेर काढणार. त्यांनी कागद पुढे ओढला, तर त्यावर मी आधीच बसलेलो, ठसठशीत निळा.

“हे आधीच झालंय?”

“चोरीला आपण सातच देतो, साहेब,” काका म्हणाले. “बदलायचं तर सगळा कागद नव्याने करावा लागेल.”

बाहेर अजून चाळीस जण ताटकळत होते. साहेबांनी सही केली.

बाई रडली नाही. शेजारणीला तेवढा निरोप द्या, असं हवालदाराला पुन्हापुन्हा विनवत राहिली. निरोप पोचला, पण चौथ्या दिवशी. तांब्या रिकामा होता आणि म्हातारबाबा दाराकडे तोंड करून जमिनीवर निष्प्राण पडलेले होते. हवालदारानेच हे काकांना सांगितलं. काकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. पंधरा दिवस त्यांनी सगळं हाताने लिहिलं. मग बोटं दुखायला लागली आणि मी पुन्हा पॅडशेजारी आलो.

आता माझी अक्षरं झिजली आहेत. माझ्या जागी त्याच शब्दांचा नवा शिक्का आला आणि मी भावाशेजारी खणात पडलो आहे. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हाती शिक्का आला, तर समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्याला शाई लावू नका. आणि खालचा खण अधूनमधून उघडत जा. माझ्या भावाची अक्षरं अजून कोरीच्या कोरी आहेत.